मूठभर विमानं

१७ ऑगस्ट, रविवार

पोळ्या कढई पालथी करून तिच्यावर भाजल्या आज. तवा गच्चीवर आहे. भावानं राखीले विमानांचे सिग्नल पकडून नकाशावर दाखवायचा डबा दिला, त्याच्यासोबतची अँटेना म्हणजे वीतभर काडी, बुडाशी चुंबक. ते स्टीलच्या ताटाले चिकटत नाही, त्याले लोखंडाची बैठक लागते, अन् आमच्या घरात सपाट लोखंड म्हणजे एक तवाच. काडी खिडकीत होती तेव्हा फक्त तलावाकडची विमानं दिसत. तव्यासकट गच्चीवर नेली तर मागच्या धानाच्या बांध्यांकडचीही याले लागली. ह्यायचा नागपूरहून फोन आला तर म्हणे, या शनिवारी पोळी भेटन का विमान? म्हटलं, तुम्ही या तर खरं, मग पाहू काय वाढाचं ते.

पोळ्या कडक झाल्या. मामाजीनं चहात बुडवून खाल्ल्या.  आजकाल बोलतच नाहीत.

१९ ऑगस्ट

मामाजीले घेऊन साकोलीले, व्यायामवाल्या मॅडमकडे. उन्हाळ्यात लकव्याचा झटका आला, पाय बराच सावरला, उजवा हात काही मनावर घेत नाही. मॅडम म्हणाल्या, बोटं एकेक करून मिटा, मूठ बंद करा, उघडा, दिवसभर करत राहा. नाही केलं तर बोटं आखडतील अन् मग तशीच राहतील. एक रबरी चेंडू दिला दाबाले.

घरी आल्यावर दोन-तीनदा बोटं मिटली अन् चेंडू खाटेखाली सोडून दिला. मी काढून दिला. परत सोडला. सासरे आहेत, पोट्ट्यासारखं रागावता येत नाही. मी तिसऱ्यांदा वाकली तेव्हा म्हणाले, "या हातानं जनमभर नांगर धरला बाई. याच्यात चेंडू कायले देता?"

 चेंडू कपाटावर ठेवला.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल केव्हाच विकले. ट्रॅक्टरलेच कुंकू लावलं, गळ्यात हार. मामाजीनं डाव्या हातानं लावलं, उजवा बंडीच्या खिशात. सगळ्या एकोडी गावानं पाहिलं असन असं वाटून लगेच आत गेले. कोणी पाहत नव्हतं खरं तर.

२६ ऑगस्ट

आज दुकानात गर्दी. समोरच्या खोलीत माझं झेरॉक्स अन् ऑनलाइनचं. एका स्क्रीनवर गिऱ्हाइकाचं काम, बाजूच्या जुन्या स्क्रीनवर विमानांचा नकाशा. मामाजी दुपारी येऊन खुर्चीत बसले. घरात करमत नसन. विचारलं, हे पिवळं पिवळं काय होय?

सांगितलं. विमान जाता जाता आपलं नाव, उंची, जागा सगळं ओरडत जाते, अन् गच्चीवरची काडी ते ऐकते. जितकी काडी चांगली तितकं दुरून ऐकू येते. त्यायनं बराच विचार केला अन् म्हणे, "म्हणजे भाजीवाल्यावानी." हौ मामाजी, अगदी तसंच.

मग मी कोणाचा तरी सातबारा काढून राहिली होती. सहज बाजूले पाहिलं. नकाशावर नवीन विमान आलं की मामाजी उजव्या हाताचं एक बोट मिटून राहिले होते. मांडीवर हात, कोणाले दिसणार नाही असा. करंगळी, मग तिच्या बाजूचं. अंगठ्यापर्यंत आले तर मूठ झाली. मग उघडली. मग पुन्हा करंगळी.

मी श्वास पण हळू घेतला. बोलली असती तर बंद केलं असतं त्यायनं. सातबारा दोनदा छापला गेला.

२८ ऑगस्ट

आजही बसले. आजही मोजलं. पण काडी ती काडीच, विमानं थोडकी. एक विमान येते अन् मग मामाजी पुढच्याची वाट पाहत बसतात, हात तसाच अर्धा मिटलेला, मग डोळा लागते. मॅडमनं शंभरदा सांगितलं असतं तरी जे झालं नसतं ते आपोआप होऊन राहिलं, अन् माझी काडी कमी पडते. ठरलं माझं. विमानं वाढवाची.

३१ ऑगस्ट, रवि.

भावाले फोन. तो म्हणे माळ बनव. डिशची उरलेली केबल कापून सारख्या मापाचे आठ तुकडे कराचे, अन् एकाची आतली तार दुसऱ्याच्या बाहेरच्या जाळीले, दुसऱ्याची तार पहिल्याच्या जाळीले, असे उलटसुलट जोडत जाचं. मग ती माळ प्लास्टिकच्या पाईपात घालाची म्हणजे पाण्यापासून वाचते. बस. "बस" म्हणायले त्याचं काय जाते.

पहिली माळ बिघडली. माप केसभर चुकलं की सगळं गेलं. हे सुटीवर होते, त्यायनं जोडाले कथिलाचा डाग दिला तर केबलच वितळली. माझ्यावरच हसले वरून.

४ सप्टेंबर

दुसरी माळ. मामाजीनं डाव्या हातानं टोक धरलं, मी डाग दिला. उजव्या हातानं धरा म्हटलं नाही. पण एका तुकड्यावर तार निसटून राहिली तर त्यायनं आपोआप उजवं बोट वर ठेवलं, दाबलं. मी लगेच डाग दिला.

७ सप्टेंबर, रवि.

माळ पाईपात, पाईप गच्चीच्या कठड्यावर लोखंडी दांड्याले कसला. तवा खाली. आज मऊ पोळ्या.

अन् काय सांगू, बाप्पा. नकाशा भरून गेला. रायपूरच्या पलीकडची, तिकडं जबलपूरकडची, नागपुरात उतरणारी, वरून उंच निघून जाणारी. मामाजीची मूठ मिटते कधी अन् उघडते कधी, पत्ताच लागत नव्हता. एकदा तर थांबले अन् माझ्याकडं पाहून तक्रार केल्यासारखं म्हणाले, "बोटं पुरत नाही वं."

असं खुशीतलं बोलणं झटक्यानंतर पहिल्यांदा. मी शेवया केल्या.

१५ सप्टेंबर

रोज संध्याकाळी चार वाजल्यापासून खुर्ची त्यायची. गिऱ्हाईक बसलं असन तर उठवतात. काल पीक विम्याच्या फॉर्मवाल्या बाबाले म्हणे, सरक जरा, कोलकात्याचं येऊन राहिलं. कोलकात्याचं कुठलं, मीच त्यायले एकदा सांगितलं होतं, ते धरून ठेवलं. आता पूर्वेकडून येणारं सगळं कोलकात्याचंच असते.

मॅडमनं हात पाहिला. म्हणाल्या, सैल झाला, काय करता? मामाजी म्हणे, काही नाही. मी पण काही नाही म्हटलं.

२३ सप्टेंबर

जाताजाता पावसानं झोडपलं. विमानं अर्धी. पाईपाच्या वरच्या टोपणातून पाणी गेलं होतं. माळ काढून चुलीजवळ वाळवली, परत घातली, विमानं परत. पण टोपण पक्कं करावं लागन.

२८ सप्टेंबर

दसऱ्याची साफसफाई. फाटकाले दरवर्षी चांदी रंग मामाजी मारतात. फाटक, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाकीचं स्टँड, लोखंडाचं जे असन ते. सगळ्या गावात तसंच, दसरा-दिवाळीच्या तोंडावर चांदी न मारलेलं लोखंड दिसत नाही. यंदा ह्यायनं परस्पर पेंटरले सांगितलं. मामाजीनं ऐकलं अन् जेवताना पाणी मागितलं, बस. मले ह्यायचा राग आला. पण बरोबर पण होतं. या हातानं मारा, असं बापाले कसं सांगणार होते.

१ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी पाईप खाली उतरवला, अंगणात दोन विटांवर आडवा ठेवला, अन् टोपणाले लावाले सिलिकॉन आणाले साकोलीले गेली. पेंटर फाटक करून गेला होता, डब्यात थोडा रंग उरला होता. परत आली तर मामाजी पाटावर बसलेले. ब्रश उजव्या हाताले गमछ्याच्या चिंधीनं बांधलेला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं. अन् माझा पाईप चकचकीत चांदीचा.

म्हणाले, "डब्यात वाळून गेला असता. तुझा पाईप नुसता पांढरा होता, फाटकावानी दिसते का नाही पाह्य आता." रंगाचे तीन हात दिले होते. कुठं जाड, कुठं ओघळ, हात थरथरला तिथं लाटा. मिशीले चांदी, गुडघ्याले चांदी, कोंबडीच्या पंखाले पण चांदी.

झटक्यानंतर त्या हातानं केलेलं पहिलं काम. मी लय छान झालं म्हणून आत गेली अन् पोटभर रडली. मग भजे तळले.

२ ऑक्टोबर, दसरा

विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचा पाना, माझा झेरॉक्स, सगळ्याची पूजा. मामाजी म्हणे पाईपाची पण करा. हळदकुंकू, झेंडूचा हार. ह्यायनं हारासकट गच्चीवर चढवला. उन्हात असा चमकून राहिला की तलावाच्या पाळीवरून दिसते. सोनं द्याले आलेल्या प्रत्येकाले मामाजीनं वर बोट करून दाखवला. उजवं बोट. अर्धंच सरळ होते ते, पण दाखवलं.

४ ऑक्टोबर

विमानं कमी. हार काढला. झेंडूनं काही होत नसते, माहीत आहे. तरी काढला.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी, दूध आटवताना पण मन स्क्रीनकडं. रायपूरकडचं एकही नाही. जबलपूरकडं तर शुकशुकाट. अगदी डोक्यावरून जाते तेवढंच दिसते. मामाजीची मूठ पूर्ण होत नाही. करंगळी, दोन बोटं, मग थांबून राहतात. काल म्हणे, विमानं सुटीवर गेली का? हसले. पण हात खिशात घातला.

१० ऑक्टोबर

पाणी गेलं असन म्हणून टोपण उघडलं. कोरडं ठाक. केबल उंदरानं कुरतडली असन म्हणून पूर्ण तपासली. नवीन टाकली. जोड नवे केले. सिलिकॉननं बोटं चिकटली. विमानं तितकीच.

१३ ऑक्टोबर

शेजारच्या यमुनाबाईनं घरभर लाइटच्या माळा लावल्या, नातवाचं साक्षगंध आहे दिवाळीत. त्या स्वस्तातल्या माळा लय गोंगाट करतात रेडिओवर, भावानं सांगितलं होतं कधीतरी. मी चहा गाळता गाळता बोलून गेली, य.बाईच्या लायटिंगनंच होत असन.

मामाजीनं कप ठेवला. काठी घेतली. चप्पल घातली. मले वाटलं अंगणात जाऊन राहिले. फाटक उघडलं अन् चालले. झटका आल्यापासून दवाखाना सोडून फाटकाबाहेर पाऊल नव्हतं टाकलं त्यायनं. मी मागं धावली नाही. का नाही माहीत नाही. खिडकीतून पाहिलं.

य.बाईचा आवाज इथपर्यंत: "भाऊ, तुमच्या विमानासाठी दिवाळीत अंधारात बसू का आम्ही?" मामाजी काय बोलले ऐकू आलं नाही. पण बरंच वेळ बोलले.

१४ ऑक्टोबर

य.बाईनं एका रात्रीपुरत्या माळा बंद ठेवल्या, अन् स्वतः आमच्या दुकानात येऊन नकाशासमोर बसली, पदर खोचून. वि. वाढली नाहीत. एक पण नाही. बाईनं मामाजीकडं पाहिलं, मामाजीनं माझ्याकडं, मी झेरॉक्सकडं. मग तिनं घरी फोन करून सांगितलं, लावा रे. चहा पिऊन गेली. जाताना म्हणे, भाऊ चालत आले हे बरं झालं, भांडाले का होईना.

१८ ऑक्टोबर

डोक्यात आलं, तवा. जुनी काडी तव्यावर ठेवून माळेच्या बाजूलेच ठेवली, डब्याले जोडली. तव्यानं माळेच्या दुप्पट विमानं पकडली. म्हणजे केबल चांगली, डबा चांगला, हवा चांगली. खोट माळेतच.

पाईप उतरवून माळ बाहेर ओढली, कपड्याच्या दोरीले नुसती टांगली, जोडली. विमानं धो धो. परत पाईपात घातली. गेली. बाहेर काढली. आली.

पाईप तोच, तीच माळ. वेगळं काय आहे तेव्हापासून?

उन्हात पाईप चमकून राहिला होता. नखानं त्याच्यावरची चांदी खरवडून पाहिली.

१९ ऑक्टोबर

भावाले विचारलं. तो फोनवर इतका हसला की त्याची बायको विचाराले आली काय झालं. मग म्हणे, चांदी रंगात धातूची भुकटी असते, तीन जाड हात म्हणजे तू अँटेनाले पत्र्याचा सदरा घातला. साधा दुसरा पाईप घे अन् मोकळी हो.

त्याले काय सांगू.

माळ पाईपात घालून तसाच परत कसला. मामाजी वर पाहून म्हणाले, दुरुस्त झाला? म्हटलं, हवामान खराब आहे म्हणते, समुद्रात काही तरी आहे. समुद्र. एकोडीत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

नवा पांढरा पाईप आणून न्हाणीमागं उभा करून ठेवला. लावाची हिंमत नाही. लावला तर ते विचारतील, तो काहून काढला. अन् मले मामाजीशी खोटं बोलता येत नाही, समुद्राचं बोलली तेच दोन दिवस टोचून राहिलं.

दिवे लावले. मामाजीनं पाईपाखाली पण एक पणती ठेवाले लावली.

२५ ऑक्टोबर

आज खुर्चीत बसलेच नाहीत. दुपारभर खाटेवर. म्हणे, काय पाहाचं, येत तर काही नाही. उजवी मूठ उघडी पडून होती छातीवर.

२७ ऑक्टोबर

साकोली. मॅडमनं बोटं ताणून पाहिली अन् कपाळाले आठ्या. परत आखडून राहिली. महिन्याखाली चांगली होती, काय बंद केलं? मामाजी म्हणे, काही नाही. मॅडम माझ्याकडं पाहत राहिल्या. म्हणाल्या, जे करत होते ते परत सुरू करा, आता करा, पुढच्या वर्षी नाही.

बसमध्ये मामाजी खिडकीशी. मी त्यायच्या हाताकडं पाहत आली घरापर्यंत. ज्या हातानं रंगवलं त्याच हाताचं नुकसान होऊन राहिलं, अन् सांगितलं तर मन मोडते, नाही सांगितलं तर हात जाते. अशी कशी मी अडकली. आज सांगाचंच, असं ठरवून जेवण वाढलं. नाही सांगितलं.

२८ ऑक्टोबर

त्यायनंच विचारलं. सकाळी न्हाणीतून आले, टॉवेल खांद्यावर, अन् उभे राहिले.

"मागं नवा पाईप कायले ठेवला?"

मी भांडी घासून राहिली होती. घासत राहिली.

"रंगानं झालं ना बाई?"

हौ म्हटलं. मग सगळं सांगितलं. तव्याचं, दोरीवर टांगलेल्या माळेचं, भुकटीचं. समुद्राचं खोटं होतं तेही. म्हटलं, मामाजी, मले तुमचा रंग काढाचा नव्हता. 

ते भिंतीकडं पाहत होते. मग चहा मागितला. चहा प्याले.  संध्याकाळी खुर्ची रिकामी. मी ह्यायले फोन केला अन् भांडली, कारण कोणाशी तरी भांडाचं होतं.

२९ ऑक्टोबर

पहाटे गच्चीवरून खरखर आवाज. मांजर म्हणून दुर्लक्ष केलं. मग लक्षात आलं, काठी जागेवर नाही. जीव मुठीत धरून जिना चढली.

मामाजी कठड्याशी उभे. उजव्या हातात पॉलिश पेपर, पेंटर विसरून गेला होता तो. पाईपाभोवती गुंडाळला होता, अन् हात वर-खाली, वर-खाली. दांडा खाली आहे, पाईप कमरेपासून सुरू होते, त्यायनं तळापासून घासाले घेतलं होतं. बंडीवर चांदीची धूळ.

म्हटलं, द्या इकडं, दोन मिनिटांत करते. नाही तर उतरवून देते, बसून करा. नाही तर तो नवा लावू.

"रंग मी मारला. मीच काढतो."

अन् उतरवाचा पण नाही म्हणे. उतरवला की बंद पडते, चालू राहू दे, किती फरक पडते ते कळलं पाहिजे. नव्या पाईपाचं विचारलं तर म्हणे, तो दोडक्याच्या वेलाले होईन. अन् हसले. मिशीत धूळ.

जिना एकट्यानं चढाचा नाही, एवढं मात्र कबूल करून घेतलं. हौ म्हणाले, ज्या अर्थाचं हौ आपण पीक विम्यावाल्याले म्हणतो त्या अर्थाचं.

३१ ऑक्टोबर

दोन बोटं उंच घासून झालं. रोज तेवढंच होते, मग हात थकून खाली येते. पेपर निसटते, अंगठा धरत नाही. उचलून द्याचा नाही, असा हुकूम आहे. स्वतः वाकतात, स्वतः उचलतात. मी कपडे वाळत घालाच्या बहाण्यानं उभी राहते. एवढे कपडे नाहीत घरात.

३ नोव्हेंबर

मामाजी गच्चीवरून ओरडतात, वाढले का? मी दुकानातून ओरडते, एक वाढलं. गिऱ्हाइकं विचारतात काय वाढलं. धान कापणी सुरू आहे, त्यायले वाटते भाव.

वाढून राहिले मात्र खरंच. खालचा भाग मोकळा झाला तसं नागपूरच्या बाजूचं उघडलं. संध्याकाळी खुर्चीत परत बसले. पहिली पूर्ण मूठ झाली तेव्हा माझ्याकडं पाहिलं अन् मूठ उचलून दाखवली. मी पण दाखवली. समोर बसलेला माणूस आधार कार्ड घेऊन गोंधळून गेला.

६ नोव्हेंबर

छातीपर्यंत पांढरा, वर चांदीचा. य.बाई खालून म्हणे, भाऊ, पाईपाले धोतर नेसवलं का? मामाजी म्हणे, नेसवलं नाही, चांदी फेडून राहिलो. दोघं हसले. रोज एक चक्कर होते आता तिच्या फाटकापर्यंत, भांडण नसताना.

मॅडमनं फोनवर विचारलं, नवीन काय सुरू केलं? म्हटलं, पाईप. त्यायले वाटलं मी फोनवर नीट ऐकून नाही राहिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

हे आले. वर गेले, पाहिलं, अन् पेपर घेऊन वरचं घासाले लागले. मी हातातून ओढून घेतला. अगं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणे. म्हटलं, म्हणूनच.

मग सांगितलं सगळं. आता खांद्यापर्यंत झालं आहे. खांद्याच्या वर त्यायचा हात जात नाही. मी आज पाहिलं. पेपर तिथपर्यंत नेतात, मग खांदा अडते, डाव्या हातानं कोपर वर ढकलतात, दात आवळतात, अन् हात खाली येते. मग पुन्हा. वरती हातभर चांदी आहे अन् ती काढली की रायपूर, जबलपूर सगळं परत येईन, मले ठाऊक आहे.  रात्री हे बापाच्या बाजूले खाट टाकून झोपले, किती वर्षांनी.

९ नोव्हेंबर

हे जाता जाता म्हणाले, बाबा, स्टुलावर उभे राहून करा ना. अरे देवा. हे गेले अन् मामाजी खरंच स्टूल शोधाले लागले. मले पडाची भीती वाटली ती एक. अन् दुसरं, स्टुलावर चढले तर हात वर कायले उचलतील?

११ नोव्हेंबर

स्टूल मी काल य.बाईकडं ठेवून आली. तिले कारण सांगितलं. तिनं त्याच्यावर धानाचं पोतं ठेवून दिलं, म्हणे आता कोणी मागितलं तरी निघत नाही.

सकाळी मामाजीनं घरभर पाहिलं, खाटेखाली, न्हाणीमागं. "स्टूल कुठं गेलं वं?" माहीत नाही, म्हटलं. त्यायनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग पेपर घेतला अन् जिन्याकडं निघाले. मी कपड्यांची बादली घेऊन मागं. तेच धुतलेले कपडे.

हात कानापर्यंत गेला आज. तिथं एक बोटभर पांढरं निघालं. वर अजून चांदी आहे, अन् मामाजी मान वर करून तिच्याकडं पाहत उभे होते, मी खाली चला म्हटलं तरी हलले नाहीत.